दोन वन्समोअर आणि तुरीचं वरण

अमौसीच्या विमानतळावरची ड्यूटी संपवून नात घरी आली, बूट एकीकडे आणि ओळखपत्राची दोरी दुसरीकडे भिरकावली, आणि माझ्या पलंगावर आडवी होत म्हणाली, "आजी, मान लो तुम एक सुनसान टापू पर फँस गई."

"कोणाबरोबर?"

"अकेली."

"मग फसले कसली? सुटले म्हण."

"आजी, सीरियस! चारों तरफ़ समंदर. कोई नहीं. सिर्फ़ पाँच फ़िल्मों या नाटकों के गाने ले जा सकती हो. कौन से पाँच?"

शेजारच्या खुर्चीत आमचे हे पेपर वाचत होते. हवाई दलात रेडिओ दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला त्यांचा. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "तिथे वीज आहे का?"

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. आम्ही सरोजिनी नगरात राहतो, त्यामुळे आमच्या घरातलं कुठलंही संभाषण विमान जाईपर्यंत थांबतं आणि मग जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं. विमान गेलं.

"वीज नसेल तर टेप चालणार कशावर?" हे म्हणाले, आणि पेपराच्या कोपऱ्यात सौर पॅनेलची आकृती काढायला लागले. पुढचा आठवडाभर ते त्यातच होते.

ही बेटाची भानगड नातीच्याच डोक्यातून निघालेली. आमच्या लखनौच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा एका संध्याकाळी ‘बेटावरचे पाच’ असा कार्यक्रम ठरला होता. मंडळातल्या म्हाताऱ्यांना एकेक करून स्टेजवर बसवायचं आणि विचारायचं, निर्जन बेटावर कायमचं जायचं झालं तर कोणत्या पाच सिनेमा-नाटकांची गाणी बरोबर न्याल? प्रश्न विचारणार ही. आणि पहिलं नाव हिने माझं देऊन टाकलं होतं, मला न विचारता.

"मीच का गं पहिली?"

"क्योंकि तुम्हारे पास वो दो वन्समोअर वाली स्टोरी है! उसी से तो शुरू करूँगी."

मी लगेच विषय बदलून तिला चहा विचारला.

वन्समोअर म्हणजे काय, हे तिला मीच शिकवलं होतं, ती तीन वर्षांची असताना, वरणभाताचे घास भरवता भरवता. संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षकांतून आरोळी येते, ‘वन्समोअर!’ की गाणाऱ्याने तेच पद पुन्हा म्हणायचं. इथले लोक मुशायऱ्यात ‘मुकर्रर’ म्हणतात ना, तसं. "आणि तुझ्या आजीला बरं का," मी सांगायची, "ह्याच लखनौमध्ये, एकाच पदाला, दोन वन्समोअर मिळाले होते!" ती आश्चर्याने आ करायची आणि मी घास आत सारायची. पोर वाढली ती ह्या गोष्टीवर.

गोष्ट खोटी होती. म्हणजे, पद मी तीन वेळा गायलं हे शंभर टक्के खरं. फक्त कोणी मागितलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, इतकी वर्षं हे खोटं टिकलं कसं? त्याचं श्रेय सरकारला. आमच्या मंडळात सगळे बदलीवाले. कोणी सैन्यात, कोणी हवाई दलात, कोणी रेल्वेत, कोणी केंद्र सरकारच्या कुठल्या तरी कचेरीत. तीन वर्षं झाली की बिऱ्हाड उचलून चालले गुवाहाटीला नाहीतर जोधपूरला. त्यामुळे मंडळाची स्मरणशक्तीही तीनच वर्षांची. ज्यांनी तो प्रयोग पाहिला ते सगळे देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगले आणि नवे आले त्यांना मी सांगेन तो इतिहास. निवृत्तीनंतर लखनौतच घर बांधून राहिलो ते आम्ही दोघं. ह्यांना खरं ठाऊक होतं, पण हे बोलत नाहीत. आणि ज्यांना खरं ठाऊक होतं असे दुसरे एकच, त्या दिवशी पेटीची साथ करणारे रेल्वेतले इंजिनिअर. त्यांचीही कधीच बदली झाली होती.

तर मी यादी करायला बसले. पहिली यादी केली ती अगदी इभ्रतीची. पाचही जुनी संगीत नाटकं, प्रत्येकापुढे रागाचं नाव. नातीने वाचली आणि म्हणाली, "आजी, ये सब तो तुम कभी सुनती ही नहीं. किचन में तो तुम वो बर्फ़ वाला गाती हो, कमर हिलाके."

"मी कंबर हलवत नाही. संधिवात आहे तो."

पण म्हटलं खरं आहे. बेटावर कोण बघायला येणार आहे? नवी यादी केली, प्रामाणिक.

पहिला, तो बर्फातला सिनेमा. मी अकोल्याची. सतरा वर्षांची असताना, मैत्रिणीकडे बीजगणित सोडवायला जाते असं सांगून तो तीन वेळा पाहिला. त्यातली नायिका पातळशी साडी नेसून बर्फाच्या उतारावरून घसरत घसरत गाते आणि तिला थंडी म्हणून वाजत नाही. अकोल्याच्या मे महिन्यात हे पाहिलेल्या मुलीचं डोकं जागेवर राहणं शक्यच नव्हतं. माझ्या मावशीच्या यजमानांची जिनिंग होती. आवारात कापसाचा ढीग, दुमजली घराएवढा. मी आईची गुलाबी साडी नेसून त्यावर चढले आणि गाणं म्हणत वरून घसरले. दुसऱ्या ओळीला पूर्ण आत गेले. नुसता सूर बाहेर येत होता. दोन गडी धावत आले आणि पायांना धरून मला ओढून काढलं. पुढे आठ दिवस शिंका. बीजगणिताने इतक्या शिंका कशा येतात हे वडिलांना काही केल्या कळेना.

दुसरा, लखनौचाच. कुठला ते सांगत नाही, असे बरेच होते, ज्यात लोक शेरांतूनच बोलतात आणि तहान लागली तरी कोणी सरळ पाणी मागत नाही. लग्न ठरलं आणि नवरा लखनौला आहे असं कळलं तेव्हा मी महिनाभर आरशासमोर आदाब करायचा सराव केला. चारबाग स्टेशनवर उतरल्या उतरल्या पहिला आदाब केला तो हमालाला. त्याने मागे वळून पाहिलं, कोणी बडे साहेब उभे आहेत का. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला म्हणाले, "जनाब, ज़रा भिंडी इनायत फ़रमाइए." तो गाडीवर पाणी मारत होता. थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बीबीजी, पाव कि आधा किलो?" हे शेजारी पिशवी धरून उभे होते, त्यांनी जी मान फिरवली ती घरी येईपर्यंत सरळ केली नाही.

तिसरा भुताचा. जुनी हवेली, पांढरी साडी, हातात मेणबत्ती आणि लांबवर ऐकू येणारा आलाप. आमच्या क्वार्टरला हवेलीचं काहीच नव्हतं, पण व्हरांडा होता. एका तिन्हीसांजेला पांढरी साडी नेसले, केस सोडले, मेणबत्ती घेतली आणि व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आलाप घेत निघाले. दुसऱ्या टोकाला शेजारच्या पंजाबी भाभी उभ्या. त्यांनी माझी पांढरी साडी पाहिली, मोकळे केस पाहिले, छातीवर हात मारला आणि किंचाळल्या, "हाय रब्बा! भाईसाहब को क्या हुआ?" भाईसाहब माझ्या मागे दारात तोंडाला दाढीचा साबण लावून उभे होते. म्हणाले, "अभी तक तो कुछ नहीं."

चौथं एक बालनाट्य, राजा, चेटकीण आणि तीन गाणी असलेलं. मी ते कॉलनीतल्या पोरांकडून बसवलं. पोरं बोलायची हिंदी, गायची मराठी, भांडायची पंजाबीत. माझ्या मुलाने, म्हणजे ह्या नातीच्या बापाने, झाडाचं काम केलं होतं. भर प्रयोगात झाड म्हणालं, "आई, शू!" आणि चालत विंगेत गेलं. राजा ज्या झाडाखाली झोपलेला होता ते झाडच गेल्यावर तोही उठून गेला.

पाचवी ती कॅसेट.

त्या काळी लखनौमध्ये मराठी नाटकाची कॅसेट विकत मिळणं शक्यच नव्हतं. कोणी सुट्टीवर पुण्याला गेलं की एखादी घेऊन यायचं, आणि मग घरोघर तिची नक्कल उतरवायची. उतरवायची म्हणजे काय, तर दोन टेपरेकॉर्डर पलंगावर तोंडाला तोंड लावून ठेवायचे, एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर भरायचं. मध्ये जे काही आवाज होतील ते सगळे आत. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, आणि माणसांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. मी नवी नवरी, मंडळाच्या गणपतीत एका जुन्या संगीत नाटकाचा एक अंक होणार होता आणि त्यात नायिका मी. त्या अंकात तिला एकच पद. ह्यांच्या हाताखालच्या एकाने त्याच नाटकाच्या प्रयोगाची कॅसेट आणली होती, थिएटरात बसून भरलेली. दुसऱ्या दिवशी त्याचीही बदलीची गाडी. एकच दुपार हातात. मी ह्यांना ताकीद दिली, "टेप चालू असेपर्यंत तोंड उघडायचं नाही." ह्यांनी मान डोलावली. ती ताकीद मी त्यांना द्यायची आणि स्वतः मात्र स्वयंपाकघरात कुकर चढवून विसरायची, अशी मी.

पद संपलं. आणि बरोब्बर त्या क्षणी तुरीच्या डाळीने शिट्टी दिली. लांबलचक. शिट्टी संपली तर पद पुन्हा पहिल्यापासून सुरू. ते संपलं, पुन्हा शिट्टी. पुन्हा पद.

आता त्या दोन शिट्ट्यांखाली काय गाडलं गेलं होतं ते तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं. मी तोवर एकही संगीत नाटक पाहिलेलं नव्हतं. वडिलांना नाटक पसंत नव्हतं आणि बीजगणिताचं कारण नाटकाला चालायचं नाही, नाटक रात्री असायचं. वन्समोअर हा शब्द ऐकून माहीत होता, पण तो प्रत्यक्षात कसा येतो, कुठून येतो, काही कल्पना नव्हती. शिट्टीमागे जो सरसर असा आवाज होता तो मला वाफेचा वाटला. त्या टाळ्या होत्या. मी आपली समजले, मोठ्या लोकांचं मोठं पद आहे, तीन वेळा म्हणण्याची रीत असेल. आणि महिनाभर ते पद तसं पाठ केलं, तीनदा. तिसऱ्या वेळी बाई वेगळ्या ताना घेत होत्या, त्याही घोटल्या.

तालमीत कोणाच्या लक्षात येईना, कारण तालमीत पद आलं की दिग्दर्शक म्हणायचे, "पद झालं असं समजा, पुढे चला."

प्रयोगाच्या दिवशी पद झालं असं समजता येईना. ते पहिल्यांदा झालं तेव्हा बरं झालं. लोक टाळ्या वाजवायला हात उचलत होते. नायक, अबकारी खात्यातले एक अधिकारी, जरीचा अंगरखा सावरत उठले, कारण पद संपलं की त्यांनी युद्धावर जायचं होतं. आणि मी पुन्हा पहिली ओळ उचलली. उचललेले हात तसेच राहिले. नायक विंगेच्या तोंडाशी पोचले होते, ते परत आले आणि बसले. पेटीवर बसलेले इंजिनिअर माझ्याकडे डोळे फाडून बघत होते, पण बोटं चालू ठेवली बिचाऱ्यांनी. दुसऱ्यांदा संपलं. नायक उठले. मी तिसऱ्यांदा सुरू केलं. नायक ह्या वेळी बसलेच नाहीत, एक पाय विंगेत, एक पाय स्टेजवर असे उभे राहिले आणि घामाने त्यांची एका बाजूची मिशी सुटून हनुवटीवर आली. तबलजीने हात जोडले, मला की गणपतीला ते कळलं नाही. फक्त पेटी शेवटपर्यंत माझ्याबरोबर होती.

लखनौचे काही मानकरी पाहुणे बोलावले होते. एकही उठला नाही, ही ह्या गावची रीत. प्रयोगानंतर एक पांढऱ्या दाढीचे मियाँजी मला म्हणाले, "बेटी, आपने बड़ी मेहनत की." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पेटीवाले इंजिनिअर चहाला आले. मी त्यांच्यासमोर अभिमानाने ती कॅसेट लावली. पहिली शिट्टी ऐकली आणि त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी," अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिथे वन्समोअर आहे हो. लोकांनी मागितलाय तो."

मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही तर त्या दिवशी खोलीत होतात. तुम्हाला ऐकू आलं असेल ना? मग मला महिनाभर सांगितलं का नाही?"

हे म्हणाले, "टेप चालू असेपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणालीस. पुढे बंद झाली असं काही सांगितलं नाहीस."

ह्या माणसाबरोबर मी संसार केला आहे.

असो. पुढे साक्षीदार पांगले, आणि न मागितलेले दोन वन्समोअर हळूहळू मागितलेले झाले. मी काही मुद्दाम ठरवलं नाही. पहिल्या वर्षी म्हणाले, "तीन वेळा गायले." तिसऱ्या वर्षी म्हणाले, "तीन वेळा गावं लागलं." त्यापुढचं आपोआप घडलं.

कार्यक्रमाला चार दिवस राहिले आणि नात फोनवर बोलत आनंदाने ओरडतच आली. "आजी, चीफ़ गेस्ट मिल गए! कोई रिटायर्ड रेलवे इंजीनियर हैं, बेटे की पोस्टिंग अभी लखनऊ हुई है. पहले यहीं थे. हार्मोनियम बजाते थे! शायद तुम्हें जानते हों!"

ह्यांनी पेपर पहिल्यांदाच खाली केला आणि माझं तोंड पाहण्यासाठी चष्मा पुसला.

मी दुसऱ्याच दिवशी डबाभर कडबोळी केली, मेट्रोने हजरतगंज गाठलं आणि तिथून रिक्षाने त्यांच्या मुलाच्या सरकारी बंगल्यावर. मनाशी म्हणत होते, पाया पडेन, काय वाटेल ते करेन, पण त्या पोरीसमोर गोष्ट फुटता कामा नये. बाकी जगाने हसावं. जग गेलं खड्ड्यात. पण ती पोर त्या गोष्टीवर आ करून जेवली आहे.

दार सुनेने उघडलं. हसतमुख बाई. "या या काकू! बाबा लखनौची फार आठवण काढतात. इथेच त्यांच्या पेटीला दोन वन्समोअर मिळाले होते ना?"

मी दारातच थांबले. आत सोफ्यावर ते पेटीवाले भाऊजी बसले होते, ऐंशीचे, वाळलेले, आणि छताच्या पंख्याकडे अतिशय लक्षपूर्वक पाहत होते.

सून चहा टाकायला गेली. मी डबा टेबलावर आपटला.

"भाऊजी, हे काय?"

"कडबोळी दिसताहेत."

"ते नाही. दोन वन्समोअर पेटीला?"

"वहिनी, तीन वेळा वाजवली की नाही मी पेटी?"

"वाजवलीत."

"मग?"

"अहो, पण ते दोन माझे आहेत! इतकी वर्षं मी सांगतेय."

"तुमचे कसे? कोणी दिले तुम्हाला?"

"तुम्हाला तरी कोणी दिले?"

त्यांनी एक कडबोळं उचललं, कवळीकडे बोट दाखवलं आणि परत ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, सुनेच्या माहेरी ही गोष्ट माहिती आहे. मुलाच्या लग्नात तिच्या वडिलांनी भाषणात सांगितली. आता कशी मागे घेऊ?"

माझंही तेच होतं. शेवटी वाटणी केली. दोन म्हाताऱ्या माणसांनी, सरकारी सोफ्यावर बसून, जे कधी झालेच नाहीत त्या दोन वन्समोअरची वाटणी केली.

"पहिला माझा," मी म्हणाले. "पहिला पदालाच असतो."

"चालेल. दुसरा माझा. पण दुसरा जास्त जोरात आला होता, असं म्हणायचं."

"इतका काही जोरात नव्हता."

"वहिनी!"

"बरं, होता."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. स्टेजवर एक ताडपत्रीचं बेट, एक थर्माकोलचं नारळाचं झाड आणि खाली वेताची खुर्ची, त्यात मी. भाऊजी पहिल्या रांगेत हार घालून, सून त्यांच्या शेजारी, आणि आमचे हे त्यांच्या पलीकडे, मांडीवर सौर पॅनेलची आकृती. चार नंबर झकास झाले. कापूस, आदाब, पांढरी साडी, झाड. लोक हसून खुर्च्यांवरून सांडत होते. मला बेट आवडायला लागलं होतं.

मग नातीने माइक हातात घेतला. तिने मराठीत पाठ केलेलं एक वाक्य म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा इतकं सलग मराठी बोलली. "आणि आता पाचवं. ज्या पदाला माझ्या आजीला ह्याच लखनौमध्ये दोन वन्समोअर मिळाले!"

टाळ्या सुरू होतात न होतात तोच सून उठली, हसतच, भांडायला नव्हे. "अगं, थांब हं. ते दोन तर बाबांच्या पेटीला होते!"

भाऊजी घाईघाईने उठले. "एक वहिनींचा, एक माझा."

"बाबा, तुम्ही तर कायम दोन्ही म्हणता!"

"दुसरा जरा जोरात होता," भाऊजी म्हणाले, कारण तेवढंच त्यांना पाठ होतं.

मागच्या रांगांतून खुसखुस झाली. आणि माझी नात, विमानतळावर चिडलेल्या प्रवाशांना दिवसभर गोड बोलणारी माझी नात, स्टेजच्या कडेला आली आणि माइकवर म्हणाली, "दादाजी, माफ़ कीजिएगा. पर मेरी आजी झूठ नहीं बोलती."

भाऊजींनी मान खाली घातली आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत बसले. तीच बोटं. सगळ्यांनी हात टेकले त्या दिवशी तीच एकटी माझ्याबरोबर राहिली होती.

"माइक दे इकडे," मी म्हणाले.

आणि सांगितलं. सगळं. दोन टेपरेकॉर्डर, तुरीची डाळ, शिट्ट्या, नायकाचा एक पाय विंगेत, सुटलेली मिशी, मियाँजींची मेहनत. "पेटीला वन्समोअर नव्हता आणि मलाही नव्हता. जो काही होता तो कुकरला होता. पण मी चुकतेय हे दिसत असून ह्या माणसाने पेटी थांबवली नाही. तेव्हा झूठ बोलणारी मी. ते नुसते साथीला होते."

हॉल हसत होता, भाऊजी डोळे पुसत हसत होते, त्यांची सूनही हसत होती. नात हसत नव्हती.

"मतलब," माइक माझ्या हातात होता म्हणून फक्त मलाच ऐकू आलं, "बचपन से?"

"हो."

"हर निवाले पे?"

"हो गं."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. इतक्या वर्षांत मला त्या प्रयोगाची लाज कधी वाटली नव्हती ती तेव्हा वाटली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. खणखणीत, परेडवर द्यावा तसा.

"वन्समोअर!"

आमचे हे उभे होते. सौर पॅनेल जमिनीवर पडलं होतं. लग्नापासून ह्या माणसाने चारचौघांत आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. मग भाऊजी ओरडले, मग त्यांची सून, मग अख्खा हॉल. मागून कोणी तरी "मुकर्रर! मुकर्रर!" केलं.

मी नातीकडे पाहिलं. तिच्या गालाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. तिने माझ्या हातातला माइक सरळ केला, माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "रूल है, आजी. इस बार माँगा है."

मी पदर सावरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पलंग, खिडक्या बंद, पंखा बंद. "आणि काय सांगू," मी म्हणाले, "पद संपतं न संपतं तोच कुकरने शिट्ट्या दिल्या, एक नाही, दोन नाही, चांगल्या पाच!"

"आजी," नात माइकमध्ये वाकून म्हणाली, "अभी तो दो थीं."

"गप बस. वन्समोअरला ताना जास्त घ्यायच्या असतात."